शेवंताबाईचा डावा अंगठा

ऑफिसातल्या बाबूनं कागद टेबलावर ठेवला, मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "अर्धा तास. कागदाला हात लावायचा नाही."

ऐंशीच्या दशकातली, सौंसरच्या तहसील ऑफिसातली ही गोष्ट. माझा पांढुर्ण्यात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळेचे ग्रुप, पासपोर्ट फोटो, हेच काम. त्या दिवशी मात्र एका वकीलसाहेबांनी मला अंगठ्याच्या ठशाचा फोटो काढायला बोलावलं होतं.

ठसा रामाकोन्याच्या शेवंताबाईचा. निदान कागदावर तसं लिहिलं होतं. नवरा वारल्यावर तिनं शेतातला आपला हिस्सा भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाला, सोडून दिला, असा तो कागद. तारीख नवरा गेल्यानंतरच्या महिन्यातली. शेवंताबाईचं म्हणणं, शेत सोडायला मी अंगठा दिलाच नाही. ठसे तपासणारे तज्ज्ञ नागपूरला. मूळ कागद ऑफिसाबाहेर जाणार नव्हता, म्हणून फोटो.

माझ्याकडे रोजची झूम लेन्स होती. झूम म्हणजे एका जागी उभं राहून जवळचं आणि लांबचं दोन्ही टिपणारी. लग्नात नवरी आणि मांडव तिच्यात भागतात. तिच्या कड्यावर 'मॅक्रो' असं कोरलेलं होतं, त्यामुळे मी निश्चिंत होतो. निळी शाई ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर फिकी येते, म्हणून पिवळा फिल्टर लावला. बारा फोटो काढले.

डार्करूममध्ये मोठी प्रिंट काढली. ठसा आहे एवढं दिसत होतं. रेषा मोजता येत नव्हत्या. तज्ज्ञांनी फोटो परत पाठवले.

"आखरी परवानगी भेटली," वकीलसाहेब म्हणाले. "पुढच्या पेशीच्या तारखेला फोटो नाही आला तर जमीन भासऱ्याच्या नावावर चढते. तुमच्याच भरवशावर बसून राहिलो आम्ही."

शेवंताबाई बाजूच्या बाकावर बसून हे ऐकत होती.

मी नागपूरला, सीताबर्डीच्या ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं माझी झूम हातात घेतली. "हे नावाचं मॅक्रो आहे, भाऊ. याच्यात ठसा फिल्मवर ज्वारीच्या दाण्याएवढा येते. खऱ्या मॅक्रोत त्याच्या दुपटीहून मोठा येते."

दोन्ही लेन्स ठेवण्याची माझी ऐपत नव्हती. मॅक्रो हवी तर झूम देऊन टाकायची.

"लग्नसराई तोंडावर आली," तो म्हणाला. "मांडवात याचं काय करसान?"

मी सहा लग्नं धरली होती. बाहेर जाऊन चहा घेतला, तो अर्धा तसाच ठेवला. जुन्या साध्या लेन्सवर, मागं-पुढं धावून, लग्न कसंबसं निघालं असतं. ठसा निघाला नसता. परत आत गेलो आणि झूम काउंटरवर ठेवली.

या वेळी ठशाची रेषा न् रेषा आली. रेषांना छेदून एक पांढरी तिरपी रेघही होती. ती निगेटिव्हवरचा ओरखडा असेल म्हणून मी दुसरी, तिसरी फ्रेम पाहिली. सगळ्यांत होती.

वकीलसाहेबांनी शेवंताबाईचा नवा ठसा शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं.

"बाई, हा तुमचाच आहे. ही पांढरी रेघसुद्धा तीच."

ती म्हणाली, "भासरे विधवा पेन्शनचा कागद आहे म्हने. त्याच्यावर देला होता. कोऱ्यावर."

"आता हे कोन मानते?" साहेब फाइलची नाडी बांधू लागले. मला तिथं बसवेना. माझ्याच फोटोनं बाईचं शेत चाललं होतं. पण ती रेघ डोक्यातून जात नव्हती.

"बाई, अंगठा दाखवा बरं."

तिनं डावा हात पुढं केला. अंगठ्यावर जुन्या जखमेचा वण होता.

"हे कधीचं?"

"गहू कापताना इळा लागला. सरकारी दवाखान्यात टाके घातले."

"कोणत्या साली?"

"मालक गेले, त्याच्या दुसऱ्या साली."

वकीलसाहेबांचा हात नाडीवरच थांबला. कागदाची तारीख जखमेच्या वर्षभर आधीची होती आणि ठशात वण होता.

दवाखान्याच्या रजिस्टरात टाक्यांची नोंद सापडली. तज्ज्ञांनी वणाबद्दल लेखी दिलं. तरी वर्ष गेलं. शेवटी तो कागद खोटा ठरला आणि जमिनीवर शेवंताबाईचं नाव चढलं. विहीर भासऱ्याच्या हद्दीत होती. तिथलं पाणी तिला बंद झालं, ते कायमचं. माझी सहातली दोन लग्नं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली.

महिनाभर आम्ही त्या ठशामागं धावत होतो. बाईचा अंगठा कोणी नीट पाहिला नव्हता. त्यानंतर असं काम आलं की मी कॅमेरा नंतर काढायचो. ज्याचा कागद, त्या माणसाला आधी समोर बसवायचो.