मायला वाचून दाखवलेलं टिपण

नागपुरात मी काय काम करते, हे आमच्या गावात कोणालाच धड सांगता येत नाही. सरकारी नोकरी? नाही. पेपरात? तेही नाही. आमचं एक छोटंसं ऑफिस आहे. राज्य सरकार कर, शाळा, हवामान बदल यांबद्दल जे काही ठरवतं, त्यावर आम्ही टिपणं लिहितो. यात कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, एवढंच. सत्तेत कोणताही पक्ष असो, बाजू घ्यायची नाही. आमचे सर तर ‘दुर्दैवाने’ हा शब्द दिसला की पेन घेऊन धावतात. दुर्दैव आहे की नाही ते वाचणाऱ्याला ठरवू दे, म्हणतात.

टिपण सरांकडे देण्याआधी रविवारी दुपारी ते फोनवर मायला वाचून दाखवायची माझी सवय होती. माय सातवी शिकलेली. ती तिकडे भाजी निवडत ऐकायची आणि मधेच म्हणायची, “थांब. हे नाई समजलं. पुन्हा वाच.” कधी ऐकता ऐकता घोरायला लागायची. जीएसटीच्या टिपणाने तर तिला चांगलीच झोप लागली. हवामान बदलाचं वाचलं तेव्हा मात्र हसली. “उन्हाळा वाढला, हे लिहाचा पगार भेटते तुले?” मग म्हणाली, “हेबी लिही मंग. एप्रिलमंदी लेकरं खिचडी खात नाई, नुसते पानी पेते.” गावच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे होतं.

गाव म्हणजे आमचं नवं गाव. जुनं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या जागी सरळ रेषेत प्लॉट पडले आणि भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी कोणी या टोकाला गेले, कोणी त्या टोकाला. सुरुवातीला माय नुसती दारात बसून राहायची. घरचं सगळं करायची, पण बोलायची नाही. गेली माझी माय हातची, असंच मला वाटलं होतं. मग शाळेचं काम मिळालं आणि ती परत आली. पोट्ट्यांवर ओरडायला लागली, त्यांची शेंबडी नाकं पुसायला लागली. घरी आली की कोणी ताटात टाकलं, कोणी मागून मागून घेतलं, याच्या तक्रारी सुरू. त्या तक्रारी मला फार गोड लागायच्या.

आणि मग कमी पटाच्या शाळांचं टिपण माझ्याच वाट्याला आलं. अशा लहान शाळा बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिसळाव्यात का, हा प्रश्न. आमची शाळा त्यात बरोबर बसत होती. हे फोनवर वाचायची माझी हिंमत झाली नाही. मी गावीच गेले.

ओट्यावर बसून वाचलं. एकटे गुरुजी सगळ्या वर्गांना पुरत नाहीत. मोठ्या शाळेत विषयाला शिक्षक मिळतील, खेळायला जोडीदार मिळतील. दुसरीकडे लांबचा रस्ता, पावसाळ्यातले नाले, मुलींची शाळा सुटायची भीती. माय म्हणाली, “पुन्हा वाच.” वाचलं. “बराबर लिहिलं,” म्हणाली आणि भाजीत डोकं घातलं.

मला रागच आला. “माय, तुही शाळाच बंद होईन याच्यात. समजून राहिलं का तुले?”

“समजलं न. बहिरी आहो का मी?”

“मंग काही बोल ना.”

“काय बोलू? धरनाच्या टाइमाले सायेब आला होता. तोबी लबाड नव्हता. कोनाच्या वावराले पानी भेटन, कोनाचं गाव जाईन, दोन्ही सांगतलं त्यानं. बराबरच सांगतलं. आपल्या ओट्यावर बसून चहा पेला अन् गेला.”

ती टोमणा मारत नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. टोमणा असता तर मी सहन केला असता.

एक ओळ घालते, मी म्हटलं. धरणाने एकदा उठवलेल्या गावांची शाळा तरी उठवू नये, अशी. माय घाबरलीच. “नको बाई. लोक म्हनतीन, पोरीनं मायसाठी लिहिलं. तुह्या कामाले बट्टा लागन.” ऐकेचना. शेवटी ती ओळ मी घातलीच नाही. टिपण फार छान झालंय, सर म्हणाले. एक शब्दही खोडला नाही त्यांनी.

जूनमध्ये शाळा बंद झाली. माझ्या टिपणामुळे नव्हे, आमची टिपणं एवढी कोण वाचतं? ठरवणाऱ्यांनी ठरवलं. खिचडी शिजवायचे मोठे गंज न्यायला मोठ्या शाळेची गाडी येणार होती, तर माय आदल्या दिवशी ते राखेने घासत बसली. लोकांनी नावं ठेवायला नको, म्हणाली. तिकडे शिजवणारी बाई आधीपासूनच होती. लेकरं आता बसने जातात, चांगली शिकतायत म्हणे. मला त्याचा आनंद होतो, खरंच होतो. पण माय पुन्हा दारात बसली आहे आणि माझा जीव तुटतो.

रविवारी मी अजून फोन करते. “वाचू का, माय?” “वाच.” मी वाचत जाते. ती थांबवत नाही, झोपतही नाही. शेवटी म्हणते, “बराबर आहे.” परवा मला राहवलं नाही. मधेच मी एक वाक्य घुसडलं, की आपल्या भंडारा जिल्ह्यात आता कोणीही धान लावत नाही. उभा जन्म चिखलात वाकून रोवणी केलेली बाई ती. आता उसळेल, वाटलं, आता म्हणेल की डोकं फिरलं का तुहं. मी वाट पाहत राहिले.

“हो बाई,” माय म्हणाली, “बराबर आहे.”

मला पुढे वाचवेना. फोन कानाशी धरून मी रडत राहिले. तेही तिने तसंच ऐकून घेतलं.