आग्यामोहोळ काढणारा

बदलापुरात आमच्या इमारतीला आग्यामोहोळ लागलं, तेव्हा सोसायटीने त्याला बोलावलं. पूर्वी तो घाटातल्या सदाहरित रानात, शेकरू-धनेशांच्या शेजारात, मध काढायचा.

कमरेला दोर बांधताना म्हणाला, "तिथं चढायच्या आधी माश्यांना हात जोडायचो. पोळ्याचा तुकडा ठेवून यायचो. त्या परत यायच्या."

"आता जात नाही तिकडे?"

"रान राहिलंय कुठं? मोठी झाडं गेली, म्हणून तर त्या तुमच्या गॅलरीला आल्या."

एकही माशी राहता कामा नये, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं. त्याने औषध फवारलं. खाली माश्यांचा सडा पडला. पोळं त्याने मुळापासून खरवडलं.

तो उतरल्यावर मी म्हटलं, "आज हात नाही जोडलेत."

चपला घालत तो म्हणाला, "कुठल्या तोंडानं जोडू?"