दत्तारामचा गुडघा

दत्ताराम परब भांडुपच्या चाळीत माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. तरी त्याला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. भिंतीतून ऐकू आलं आणि तालमीच्या दारातून दिसलं, तेवढाच तो मला ठाऊक.

तो आमच्या मंडळाचा कबड्डीतला चढाईवाला. ब्याऐंशी साली एका सामन्यात त्याला गुडघ्यावर आपटला आणि वरून दोघे पडले. पुढे पायरी उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे सुरी फिरायची. वस्ताद धोंडिराम म्हणाले, "गंज चढलाय. बैठकांनी उतरव." आमच्या तालमीत सगळ्यावर हाच उपाय. दत्ताराम बैठका मारायचा, ओरडायचा. थांबला की पोटरीवर काठी.

शेवटी बायको सुगंधाने त्याला इस्पितळात ओढत नेला. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या शुभाबाईंनी बैठका आणि उकिडवं बसणं बंद केलं. उताणं झोपायचं, एक पाय दुमडायचा, दुखरा पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. दुखलं की थांबायचं.

रात्री भिंतीतून ऐकलं, "बाळंतिणीचो व्यायाम दिल्यान माका!"

"मगे व्हा बाळंतीण. पायार उभे तरी रवशात."

पावसाळा सरेपर्यंत तो भिंत न धरता जिना उतरू लागला. एका संध्याकाळी तालमीत नुसता बघायला गेला. मी दारात होतो.

"झोपून पाय हलवतोस म्हणे? बस खाली!" वस्तादांनी दोन्ही खांदे धरून त्याला दाबला. गुडघा कडाडला. दत्तारामने किंकाळी फोडली, काठी हिसकली आणि वस्तादांच्या कपाळावर हाणली. तांबड्या मातीत रक्त सांडलं. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. लाथा, बुक्के, कुणाच्या हातात मुद्गल. त्याने तोंड झाकलं नाही. दोन्ही हातांनी गुडघा कवटाळून पडून राहिला. दात फुटले, जबडा निखळला, हात सोडले नाहीत.

सुगंधा धावत आली ती चपला घालून थेट हौद्यात. त्या मातीत चप्पल कधी कुणाची पडली नव्हती. सगळ्यांचे हात जागीच थांबले. तिने नवऱ्याला खांद्यावर घेतला. तो लंगडत, पण स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

महिन्याभरात त्यांनी दिंडोशीला बिऱ्हाड हलवलं. टेम्पो भरत होता तेव्हा मी नळावर बादली लावून बसलो होतो.

"निघालास रे?"

"होय काका." फुटक्या दातांतून शब्द निसटत होते. "असे उकिडवे बसू नका. स्टूल घ्या."

"घेतो."