हवा सोड

...आणि मग मी त्याला विचारलं, ट्रॅक्टरला गेर असतो, तर तुझ्या जहाजाला काऊन नाई? काल गोष्ट सांगता सांगता मी इथवर आलो होतो. हा गजेंद्र म्हणजे वडनेरचा, माझ्या चुलतभावाचा, डोमाजीचा पोरगा. अठ्ठ्याण्णव साली मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात तेलपाणी पाहायला लागला. सहा महिन्यांत परत आला अन् बसस्टँडजवळ सायकलचं दुकान टाकलं.

मला समजावायला त्यानं सायकल पालथी घालून चाक फिरवलं. मी सातवी पास, पण बरोबर कळलं बरं का! घराएवढं इंजिन, त्याचा दांडा थेट जहाजामागच्या, पाण्यातल्या पंख्याला जोडलेला. मधे गेर नाही. मागं यायचं तर इंजिनच उलटं फिरवायचं. आधी डिझेल तोडायचं. तरी जहाजाच्या वेगानं पाणी पंख्याला पुढच्याच अंगानं फिरवत राहतं. तो मंदावला की झडपांचा क्रम उलटवायचा, टाकीतली दाबाची हवा आत कोंबून इंजिन उलटं ढकलायचं, मगच डिझेल. मला तर मोठी मौज वाटली. गजेंद्र हसला नाही.

पहिल्याच सफरीत, सकाळच्या धुक्यात, बंदराजवळ मासेमारांची नाव आडवी आली. वरून हुकूम आला, पूर्ण मागं. इंजिन चालू-बंद करून करून एका टाकीतली हवा आधीच उतरली होती. इंजिनघरातला साहेब ओरडला, "दुसरी की हवा छोड!"

गजेंद्रनं सोडली. रोज टाकीच्या तळचा नळ उघडून साचलेलं पाणी काढायचं काम त्याचंच. त्यालाही तिथं हवा सोडणंच म्हणत. अन् आपल्याकडं चाकातली हवा सोडतात ती बाहेरच. त्यानं तळचा नळ उघडला. साहेबाला पाहिजे होता इंजिनाकडं जाणारा वरचा. साहेब धावत येऊन तो उघडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. इंजिन फिरलं, उलटं फिरलं, पण तोवर नाव खाली गेली होती. नावेतले दोघं सापडलेच नाहीत.

चौकशीत फक्त धुकं लिहिलं गेलं. पुढं कंपनीचं दुसरं बोलावणं आलं, तशी त्याची आई लीलाबाई माझ्याकडं आली, तुमचं तो ऐकते म्हणाली. मी दुकानात जाऊन बसलो. म्हटलं, "लेका, तुले कोणी दोष देत नाई. मंग काऊन नाई जात?"

त्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरली. बुडबुडे निघाले तिथं बोट दाबलं.

"मी तं सांगतलं तेच केलं, मोठेबाबा. पण अजूनबी कोणी हवा सोड म्हटलं का माहा हात खालच्याच नळाकडं जाते."