दुसरा फोटो

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. वडजळ ग्रामपंचायतीच्या कार्यालयात रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी घेणाऱ्या रोजगार सेवक अंबादासचा डोळा लागतो. पुढ्यात तालुक्याचं पत्र आहे: तलावातला गाळ काढणाऱ्या मजूर कौतिकाबाईंना भर उन्हात कामावर कुणी बोलावलं? खुलासा पाचपर्यंत हवा.

फरशीला भेगा पडतात. टेबल तलावाच्या वाळलेल्या गाळात उभं आहे आणि बांधावरून कौतिकाबाई चालत येते. तिला जाऊन अकरा दिवस झालेत. पदराच्या गाठीत कांदा आहे; ऊन लागू नये म्हणून ती रोज बांधायची.

"ऊन फार आहे, मावशी," त्याच्या तोंडून निघतं.

"मला सांगतो?"

ग्रामसभेनं ठरवलं होतं: उन्हाळ्यात काम सहा ते अकरा, हजेरी कागदावर. पहिला हात कौतिकाबाईचाच वर गेला होता. पण राजधानीतून आलेल्या हजेरीच्या अ‍ॅपला दोननंतर दुसरा फोटो लागायचा, नाहीतर दिवस बुडाला. अंबादास हे सगळं पाठ केल्यासारखं सांगतो. ती ऐकून घेते.

"माझ्या दारात हाक मारायला अ‍ॅप आलतं का?"

"ठरावाला मंजुरी नव्हती, मावशी."

"मागाय कुणी सांगितली?"

वेळ ठरवणं गावाच्याच हातात होतं. ठराव वर नुसता कळवायचा होता. अंबादासनं, प्रत्येक कागदावर लिहितो तसं, त्यावरही लिहिलं, 'मंजुरीस सविनय सादर', आणि वाट बघत बसला.

ती पाणी मागते. आधी फोटो, तो म्हणतो. त्या दिवशीही हेच म्हणाला होता. मोबाइल चेहरा धरत नाही. तो मान वर करायला सांगतो. ती गाळात आडवी आहे. गाळाचं तिचं अंगण झालंय, बाया तिला अंघोळ घालताहेत, आणि तो अजून मान वर करायला सांगतोय.

"काढ निवांत," ती म्हणते. "आता हलत नाही मी."

अंबादास जागा होतो. तीन चाळीस. खुलाशाच्या कोऱ्या कागदावर एक कांदा आहे, उन्हात राहिल्यासारखा गरम. तो कांदा बाजूला सारतो, हात पँटीला पुसतो आणि 'कुणी बोलावलं?' या प्रश्नापुढे लिहितो, 'मी'.

पाच वाजता तालुक्याला गेलेल्या कागदावर तो शब्द खोडलेला आहे. पुढची जागा कोरी आहे. अ‍ॅपवर कौतिकाबाईची त्या दिवसाची हजेरी पूर्ण भरलेली दिसते. ठरावावर अजून उत्तर आलेलं नाही.