सिलिंडरातलं करडीचं तेल

घाणीच्या विषयात मला आता कुणी काही शिकवू नये. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी उघडलेलं मठ्ठ्याचं पिंप मी हुंगलेलं आहे. पण माझ्याच हातांनी बनवलेल्या इंजिनाच्या पोटातून जे निघालं, त्याच्यापुढे ते पिंप म्हणजे अत्तराची कुपी!

इंजिन हातभर लांबीचं, खऱ्या वाफेवर चालणारं. लातूरला पूर्वी यायची त्या छोट्या लायनीच्या गाडीच्या इंजिनाची नक्कल. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, जुन्या लेथवर, तीन वर्षं खपून केलेलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या खऱ्या इंजिनावर कोळसा टाकायचे. आता ऐंशी पार केलेले. सहा महिने माझ्याकडे लातूरला, सहा महिने थोरल्या भावाकडे नांदेडला, अशी त्यांची पाळी आम्ही दोघांनी ठरवलेली. त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. जूनच्या पहिल्या रविवारी भाऊ त्यांना न्यायला येणार होता आणि त्याआधी इंजिन त्यांच्यासमोर पळायला हवं होतं. पुढच्या पाळीचा भरवसा धरायला मन धजत नव्हतं.

एप्रिलात मी ते पंपाच्या हवेवर फिरवून पाहिलं. झकास फिरलं. वाफेच्या इंजिनाला खास जाड तेल लागतं, ते बाहेरून मागवावं लागतं. म्हटलं, कशाला? घरात घाण्याचं करडीचं तेल आहे, भाकरी-चटणीवर घेतो तेच, एकदम शुद्ध. सिलिंडर, पिस्टन, सगळं सढळ हातानं माखलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवलं. पत्र्याखाली. लातूरच्या मे महिन्यात.

रविवारी सकाळी गच्चीवर रूळ मांडले. आप्पा खुर्चीत, भाऊ पांढऱ्या शर्टात, बायको दारात. मी बर्नर पेटवला. पाणी उकळलं, काटा चढला. मी नाटकातल्या राजासारखा हात उंचावला आणि वाफ सोडली.

चाक हललं नाही. वास मात्र सुटला. महिनाभर तळणात राहिलेल्या भज्याचा, त्यात मेलेल्या उंदराचा. मग पिस्टनच्या फटीतून इंजिन पचकन थुंकलं. तपकिरी. थेट भावाच्या शर्टावर.

"शी! काय मेलंय रे यात?" भाऊ ओरडला.

"अहो, ते घरात आणायचं नाही, सांगून ठेवते," बायको पदर नाकाला लावून म्हणाली.

निवल्यावर सिलिंडरचं झाकण खोललं. आत कानातल्या मळाच्या रंगाचा चिकट लगदा. बोट लावलं तर तार निघाली, हातभर लांब, तुटता तुटेना. लगद्यात एक झुरळ बसलेलं, मिशांसकट शाबूत. मला जेवढं ओकावंसं वाटलं, तेवढंच रडावंसंही.

आप्पा काठी टेकत आले. वाकले, हुंगलं, तोंड वाकडं केलं.

"कोणतं तेल घातलं रं?"

"करडीचं."

"करडीचं! अरं येड्या, ते वाळलं की रोगण होतंय. लाकडाला लावायचं त्ये. फायरमनचं पोरगं तू, अन् इंजिनाला फोडणी द्यायलास?"

भावानं शर्ट पुसत घड्याळ पाहिलं. "आप्पा, चला. जेवायच्या वेळेला नांदेड गाठू."

"मी न्हाई येत."

"अहो, पाळी आहे माझी!"

"पाळी गेली खड्ड्यात. ही घाण कोण काढंल? ह्याला जमंल व्हय?" आप्पांनी काठी माझ्या छातीला लावली. "पुसायचं काम आमचंच असायचं. पळंस्तोवर मी इथंच हाय."

भाऊ एकटाच गेला, डाग घेऊन. आप्पा थिनरची बाटली पुढ्यात ओढून बसले आणि ब्रशनं सिलिंडर घासू लागले. खरवडलेला लगदा ते वर्तमानपत्रावर पुसत होते, अन् प्रत्येक वेळी मला दाखवून "शी" म्हणत होते, फार आनंदानं.

ब्रश माझा होता. दात घासायचा. सकाळीच वापरलेला.