औषध चढत असताना धरलेले मौन

डाव्या हाताच्या शिरेत सुई, उजवा हात जपमाळेच्या गोमुखीत आणि तोंडाला मौन, अशा स्थितीत मी त्या सकाळी रुग्णालयाच्या आरामखुर्चीत बसलो होतो. टाचेवरचा काळा डाग काट्याचा व्रण नसून त्वचेचा कर्करोग आहे, हे कळून वर्ष होत आले होते. डाग कापून झाला, जांघेतील गाठीही काढून झाल्या. तरी रोगाचे बीज फुप्फुसात उतरलेच. आता एकच उपाय हाती होता. शरीराच्या स्वतःच्याच रक्षकांना जागे करून शत्रूवर सोडणारे हे औषध काही आठवड्यांच्या अंतराने शिरेतून घ्यायचे. पहिली खेप निर्विघ्न पार पडली होती, ही दुसरी.

सुरू करण्यापूर्वी सिस्टरने बजावले होते, "आजोबा, खाज, थंडी, छातीत दडपण, श्वास लागणं, काहीही झालं तरी लगेच सांगायचं. सहन करत बसायचं नाही." मी मान डोलावली. पाठशाळेत शिकण्या-शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला 'सहन करू नका' ही आज्ञा जरा परकीच वाटते. शीतोष्ण, क्षुधा, तृषा मुकाट सोसावी, आणि जप चालू असता शब्द उच्चारू नये, असे आमचे वळण. उच्चारला तर ती माळ व्यर्थ. पुन्हा आचमन, पुन्हा पहिला मणी. औषध संपेपर्यंत मौनजप करण्याचा संकल्प मी पंचवटीतील घरातून निघतानाच उदक सोडून केला होता. सिस्टरला मात्र ते सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे मनातही आले नाही.

शेजारच्या खुर्चीत चांदवडकडचे एक शेतकरी सलाईन घेत होते. त्यांनी माझ्या पत्नीला विचारले, "बाबा बोलत नाय का?"

"जपाला बसलेत. मौन आहे त्यांचं."

"लय भारी! आमच्या घरी एक तरी असा पायजे होता. सगळे बोलणारेच निघाले."

पत्नी हसली. मीही मनात हसलो, आणि त्याच सुमारास गळ्यापाशी खाज सुटली.

प्रथम वाटले, शालीची लोकर असेल. मग ती खाज कानामागे गेली, पाठीवर उतरली. अंगावर शिरशिरी आली. खोलीतील यंत्राची थंड हवा, असे मी स्वतःला समजावले आणि मणी पुढे सरकवला. बाटलीतून थेंब त्याच गतीने पडत होते. काही मणी गेल्यावर छातीवर कोणी तळहात ठेवून दाबावे तसे झाले.

आमच्या घरात माझ्या मौनाची एक खुणांची भाषा आहे, आणि पत्नी ती उभा संसार अचूक वाचत आली आहे. मी गळ्याकडे बोट नेले. ती पाण्याची बाटली घेऊन आली. मी मान हलवली. "बरोबर, जपात पाणी नको," असे स्वतःशीच म्हणून तिने झाकण लावले. मी छातीवर हात ठेवला. तिने माझा थरथरता खांदा पाहिला, शाल गळ्यापर्यंत ओढली आणि कडा नीट खोवल्या. अंगावर उमटत असलेले लाल चट्टे त्या मायेखाली झाकले गेले. सिस्टर खोलीच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरी उभी होती.

माळ संपत आली होती. एवढी पुरी होऊ दे, मग बोलू, असे मन म्हणाले. आणि पुढचा श्वास अर्ध्यावरच अडला. त्या क्षणी भीती वाटली ती मरणाची कमी. आपण ज्याला निष्ठा म्हणतो आहोत तो निव्वळ हट्ट तर नव्हे, याची अधिक. देवाने श्वास दिला तो नामासाठी; श्वासच राहिला नाही तर नाम कोण घेणार?

"सिस्टर," मी म्हणालो. आवाज घोगरा निघाला. "श्वास..."

पत्नी दचकून उभी राहिली. सिस्टर धावत आली, तिने प्रथम औषधाची नळी बंद केली, मग शाल दूर सारली आणि डॉक्टरांना हाक दिली. बोटाला चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, नाकाला प्राणवायू, शिरेतून दुसरी इंजेक्शने, हे सारे एका दमात झाले.

"कधीपासून होतंय?" सिस्टरने विचारले.

"थोडा वेळ झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"मौन होतं हो त्यांचं," पत्नी रडवेल्या स्वरात म्हणाली.

"आजी, देवाला कळलं असेल. मला कसं कळणार?"



हळूहळू छाती मोकळी झाली, चट्टे फिके पडले. तरुण डॉक्टरबाई खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसल्या. "पूर्ण शांत झालं तर अगदी कमी वेगाने पुन्हा सुरू करून बघू. परत तसंच झालं, तर मात्र हे औषध बहुधा बंद करावं लागेल."

थेंब पुन्हा पडू लागले, पूर्वीपेक्षा किती तरी सावकाश. आणि थोड्याच वेळात मानेवर मुंग्या आल्यासारखे वाटले. आता खरी कसोटी होती. सांगितले तर कदाचित उरलेला एकमेव उपाय हातचा जाईल. न सांगितले तर मघाचीच गत. पत्नीने माझा हात धरून ठेवला होता. तिच्याकडे पाहण्याचे मी टाळले.

"मानेवर काहीतरी होतंय," मी सिस्टरला म्हणालो.

तिने नळी थांबवली. डॉक्टरबाई आल्या, मान पाहिली, पाठ पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले. सारा वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "चट्टा नाही, छाती स्वच्छ आहे. चालू ठेवू. पण असंच सांगत राहा."

मी सांगत राहिलो. मुंग्या गेल्याचे सांगितले, पाय गार पडल्याचे सांगितले, गुडघ्यात कळ आल्याचेही सांगितले.

"गुडघा काय आजचा आहे?" पत्नी डोळे पुसत म्हणाली. "तो किती वर्षांचा जुना. तो नका सांगू."

"सांगू द्या आजी," सिस्टर म्हणाली, "मी ऐकतेय," आणि बाटलीतले शेवटचे थेंब उतरेपर्यंत ती माझ्यापाशीच उभी राहिली.